मागे घर जोडून अकोला ते वरूड

कुडाळच्या आमच्या शेडमधून निघालो तेव्हा प्रकाशदादांनी नारळ फोडला, अर्धी वाटी डॅशबोर्डवर ठेवली आणि म्हणाले, "दिगू, नव तू सांगलंस. आता तूच जा आणि दाखवून ये."

नव म्हणजे नऊ. एका लिटर डिझेलला नऊ किलोमीटर. मागे घर जोडून.

घर म्हणजे खरंच घर. दोन चाकांवरचं, पिकअपच्या हुकाला जोडायचं. आत दोन पलंग, ओटा, मोरी, छपराला हवेसाठी झडप. आम्ही त्याला घरगाडी म्हणतो. वरूडच्या रजनीताईंचा फोन आला तेव्हा दादा जेवायला गेले होते, म्हणून मी उचलला. ताईंची संत्री निवडून पेट्या भरायची मोठी शेड आहे. हिवाळ्यात पाहुण्यांना संत्र्यांच्या बागा दाखवायच्या, मग सेमाडोहच्या जंगलाकडे न्यायचं, असा त्यांचा बेत. त्यासाठी चार घरगाड्या हव्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "मांगं हे जोडल्यावर पिकअप देते किती?" मी घाबरलो की तोंडात येईल ते बोलतो. बोललो, "नऊ." त्या म्हणाल्या, "अकोल्याहून वरूडपर्यंत माझा मानूस सोबत बसन. नऊ निघाले तर चारही तुमच्याकडून. नाई निघाले तर ही पैली बी वापस न्या."

वापस, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर.

आणखी एक सांगायला हवं. घरगाडीचं तोंड आधी पेटीसारखं सपाट होतं. वारा त्यावर आपटतो, डिझेल खातो, म्हणून पुढचा भाग तिरका करूया असं मीच दादांच्या मागे लागलो होतो. दादांनी तयार सांगाडा कापला. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या शब्दावर तयार सांगाडा कापणारा मालक मला दुसरा माहीत नाही. म्हणून ते नऊ माझ्या छातीवर बसलं होतं.

तीन दिवस चालवत होतो. घाट संपला, ऊस संपला, मग माती काळी झाली आणि रस्ता सरळ झाला. आपल्याकडे कोकणात शंभर मीटर सरळ रस्ता मिळाला तर माणूस देवाचे आभार मानतो. इथे स्टिअरिंगला काम नाही. दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र कापूस, मधे तूर, आणि आभाळ एवढं मोठं की मला उगाचच हसू येत होतं.

अकोल्यात सलीमभाई भेटले. हेच ताईंचे साक्षीदार. साठीचे, दाढी मेंदीने लाल, तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. ताईंची संत्री अकोल्याच्या बाजारात तेच आणतात. पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा येईल म्हणून मी पाठ करून बसलो होतो. त्यांनी विचारलं, "जेवले काय जी?" मी नाही म्हणालो. त्यांनी मला घरी नेलं, आणि भाभींनी वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि वर भरपूर सांभार (हे इथे कोथिंबिरीचं नाव) घालून समोर ठेवली. तीन दिवसांनी मला कोणीतरी वाढत होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी मिरचीवर ढकललं.

सकाळी पंपावर गेलो. मोजायची आमची रीत साधी आहे. टाकी भरायची, नळी पहिल्यांदा 'कट्' वाजून बंद झाली की थांबायचं, एक थेंब जास्त नाही. पुढे पुन्हा तसंच भरायचं. जेवढं डिझेल मावलं तेवढं खाल्लं. दादांनी हे मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. कट् झालं. सलीमभाईंनी वहीत किलोमीटर लिहिले, खाली रेघ मारली, आणि भाभींनी दिलेली लोणच्याची मोठी बरणी घरगाडीत ठेवली.

"सलीमभाई, वजन वाढतंय."

"लोनच्यानं काय वाढते हो? अन् नाई म्हनलं तर बायको मले घरात घेनार नाई. मंग मी याच्यातच झोपतो." त्यांनी घरगाडीकडे बोट दाखवलं.

मूर्तिजापूरजवळ चहाला थांबलो आणि तिथे आमची जत्रा झाली. टपरीवाला आला, त्याच्यामागे गिऱ्हाइकं आली, रस्त्यापलीकडच्या शेतातून कापूस वेचायचं सोडून चार बाया आल्या. प्रत्येकाला आत बघायचं होतं.

"अय माय! मोरी बी हाये!"

"अन् हे पलंग पाहा. आमच्या जावयाले बी नाई देल्ला असा."

एक आजी सरळ पलंगावर आडव्या झाल्या. "मी येतो याच्यात," त्या म्हणाल्या. "कुठी चालले?"

"वरूडला, आजी."

"मंग कापूस कोन वेचन? तू?"

सगळे हसले, मी सगळ्यात जास्त. आजींनी उठून छपराची झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग त्यांच्या लेकाने तुरीच्या हिरव्या शेंगांचं अर्धं पोतं आणून आत टाकलं. मी हात जोडले, गाडी तपासणीची आहे, वजन चालत नाही, असं सगळं सांगितलं.

"काहून नाई चालत?" आजी म्हणाल्या. "घर हाये ना? मंग घरात दाने नको?"

मी पोतं कोपऱ्यात सरकवलं. टपरीवाल्याने भोपळा दिला. मी तोही घेतला. मला मनातल्या मनात लिटर दिसत होते, पण तोंडावरचं हसू जात नव्हतं.

बडनेऱ्याच्या आसपास वरून फडफड ऐकू आली. उतरून पाहिलं तर छपराची झडप सताड उघडी. चाळीस किलोमीटर आम्ही वारा आत घेऊन चाललो होतो. माझ्या तिरक्या नाकाची सगळी मेहनत वरच्या भोकातून गेली असणार. मी झडप घट्ट लावली. सलीमभाईंनी हे वहीत लिहिलं नाही. "झडप खुली, हे आजीच्या नावावर," एवढंच म्हणाले.

अमरावतीत शिरताना पंपावर थांबलो. इथला भरणारा माणूस गोल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा. त्याने नंबरप्लेट वाचली.

"बाप्पा! सिंधुदुर्ग? एवढ्या दुरून?"

नळी कट् झाली. तो थांबला नाही. "असे अर्धपोटी नाई जाऊ देत आमी पाहुन्याले," म्हणाला. एका हाताने नळी धरली, दुसऱ्या हाताने पिकअपला झोका देऊ लागला, म्हणजे टाकीतली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि आणखी डिझेल मावतं. "तिकून हलवा जी!" त्याने मला सांगितलं. आणि मी हसत हसत पलीकडून गाडी हलवू लागलो. काय सांगू, मला आयुष्यात कोणी इतक्या अगत्याने पाहुणा म्हटलं नव्हतं. डिझेल अगदी गळ्याशी दिसायला लागलं तेव्हा तो समाधानाने थांबला आणि आम्हाला पंपामागच्या गाड्यावर घेऊन गेला. गिला वडा (दह्यात बुडवलेला, वर तिखट चटणी) खाल्ला. दोन प्लेट. पैसे त्याने देऊ दिले नाहीत.

तोंड पुसत सलीमभाईंनी वही काढली. अठ्ठ्याण्णव किलोमीटर, चौदा लिटर.

"सात," ते हळूच म्हणाले.

मी प्लेट खाली ठेवली. झडप, पोतं, भोपळा, लोणचं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. सलीमभाईंनी ताईंना फोन लावला. ताईंचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता.

"सात? मंग कायले वेळ घालवता. या, चहा घ्या, अन् घेऊन जा वापस."

मी फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "ताई, एकदा द्या. इथून वरूड फक्त. हे सात सोडून द्या. तिथे तुम्ही स्वतः पंपावर उभ्या राहा."

ताईंनी शेडमधल्या माणसांना पेट्या आपटणं थांबवायला सांगितलं. "बरं. तिथून पुढचं जे येईन तेच धरू. पन मंग रडगानं नाई."

मग मी जे जे जमतं ते केलं. टायरमध्ये हवा भरून घेतली. पोतं, बरणी, भोपळा मागून उचलून चाकांच्या बरोबर वर ठेवलं. खिडक्या, झडप, सगळं बंद. पंचावन्नच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, ब्रेक लागेल अशी वेळच येऊ द्यायची नाही, असं ठरवून निघालो.

मोर्शीच्या पुढे संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. हिरव्यात नारिंगी, हिरव्यात नारिंगी. खिडकी बंद होती तरी वास येत होता. मी डावीकडे पाहून ओरडलो, "सलीमभाई, केवढी!" ते म्हणाले, "समोर पाहा, पंचावन्न." पेट्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर मागून आला, आम्हाला ओलांडून पुढे गेला. ट्रॅक्टर! त्याचा ड्रायव्हर वळून ओरडला, "धक्का देऊ काय?"

"नको!" सलीमभाई खिडकीची काच इंचभर खाली करून ओरडले. "धक्का वहीत लिहाव लागते!"

आम्ही इतके हसलो की काटा सत्तावन्नवर गेला. लगेच खाली आणला.

वरूडच्या पंपावर ताई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, साडीवर पुरुषाचा स्वेटर, हातात चावीचा जुडगा. मागे शेडमधली सात-आठ माणसं. नमस्कार झाला. नळी लावली. मी चाकाजवळ उकिडवा बसलो.

कट्.

सलीमभाईंनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. चौऱ्याण्णव किलोमीटर. सात लिटर दोनशे.

"तेरा!" ते ओरडले. "या अल्ला, तेरा!"

मग जे झालं ते मला नीट आठवत नाही. कोणीतरी मला उचललं. मीही नाचलो, खोटं कशाला सांगू. ताई हसत होत्या, पेढे आणायला माणूस पळाला. आणि नाचता नाचता मला आठवलं की तेरा तर माझी पिकअप मागे काहीही नसताना देते.

मागे काहीही नसताना.

आणि मला तो अमरावतीचा गोल चेहरा दिसला, आणि पलीकडून गाडी हलवणारा मी. इथे कट् झाल्यावर थांबलो, तिथे गळ्यापर्यंत भरलं होतं. तिथे जास्त मावलं म्हणून सात. तेच जास्तीचं वाटेत जळलं आणि इथे कमी मावलं म्हणून तेरा. दोन्ही खोटे.

गप्प राहिलो असतो तर? पेढे येत होते. चार घरगाड्या, दादांचा नारळ, माझं नाक. पण वाढलेल्या भाकरी आठवल्या, तुरीच्या शेंगा आठवल्या. ज्या माणसांनी मला एवढं दिलं त्यांना मी तेरा कसं देऊ?

"ताई," मी म्हणालो, "तेरा नाहीत." आणि सगळं सांगितलं, मीच गाडी हलवली तेसुद्धा.

ताईंचं हसू गेलं. "मंग किती हाये खरं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

सलीमभाई मात्र वही उलटीकडून चाळत होते. "काहून नाई माहीत? अकोल्यात कट्‌वर थांबलो, इथी कट्‌वर थांबलो. मधलं त्यानं किती बी कोंबलं, आपन तर दोन्ही लिहून ठेवलं. बेरीज करा ना."

संत्र्याच्या पेटीचं झाकण आडवं ठेवलं. खडू मिळाला. अठ्ठ्याण्णव आणि चौऱ्याण्णव, एकशे ब्याण्णव. चौदा आणि सात दोनशे, एकवीस लिटर दोनशे. भागाकार मला शाळेत कधी आला नाही, म्हणून मी उलटं केलं. एकवीस दोनशे गुणिले नऊ. एकशे नव्वद आणि वर आठशे मीटर.

"एवढे हवे होते," मी म्हणालो. "आपण चाललो एकशे ब्याण्णव."

"म्हंजे?"

"नऊ. आणि वर एक किलोमीटर दोनशे मीटर."

ताईंनी झाकणाकडे पाहिलं, मग घरगाडीच्या तिरक्या तोंडाकडे, मग आत जाऊन पोतं, बरणी आणि भोपळा पाहून आल्या.

"हे सगळं घेऊन नऊ?"

"आणि आजींची झडप उघडी," सलीमभाई म्हणाले.

"लेका," ताई मला म्हणाल्या, "तेरा ऐकून मी चार घेतल्या असत्या, अन् पैल्याच ट्रिपले तुले शिव्या देल्ल्या असत्या. नऊ म्हनला, नऊ देल्ले. बाकीच्या तिन्ही बनवा." मग पेढे आले.

घरगाडी तिथेच ठेवून मी दुसऱ्या सकाळी निघालो. मागे आता संत्र्यांच्या सहा पेट्या होत्या, नको म्हणायचं मी सोडून दिलं होतं. सलीमभाईंना अकोल्याला सोडायचं होतं, म्हणून वाट तीच. अमरावतीच्या पंपावर तोच गोल चेहरा.

"बाप्पा! घर कुठी इसरले?"

कट् झालं. तो माझ्याकडे पाहत थांबला. मी उतरलो, पलीकडे गेलो आणि गाडी हलवू लागलो. सलीमभाईंनी वही खिशात घातली. भरलं, अगदी गळ्यापर्यंत. आता काही मोजायचं नव्हतं.

कुडाळला पोचलो तर सगळी शेड दारात. दादांना बातमी फोनवर कळलीच होती, तरी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "येताना गाडयेन किती दिल्यान रे?"

मी संत्र्याची पेटी त्यांच्या हातात दिली. येतानाचा हिशोब माझ्याकडे नाही.