श्यामकांतांच्या घराचा ए दर्जा

र्युसेल्सहाइमच्या मराठी मंडळात एक बातमी कुजबुजत फिरायची: श्यामकांत रोज संध्याकाळी शेजारच्या हार्टमानबाईंच्या भिंतीला कान लावून बसतात. शोभनाताईंनी खिडकीतून स्वतः पाहिलं होतं, आणि शोभनाताईंनी पाहिलं म्हणजे गणपतीच्या आरतीपर्यंत अर्ध्या जर्मनीने पाहिलं.

मनोरमाबाईंनी, म्हणजे श्यामकांतांच्या सौभाग्यवतींनी, ती बातमी गिळली. त्यांना ध्यास एकच. हे घर विकायचं आणि कार्ल्सरूहेला लेकीजवळ, जिथे फरशीसुद्धा उबदार असते अशा फ्लॅटमध्ये जायचं. श्यामकांत मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. घरातल्या हीटिंगला ते कुणाला हात लावू देत नसत. बायको थंडी वाजते म्हणाली की मोजे आणून द्यायचे.

२०१५ साली घर विकायला काढलं, तर आधी एनर्गीआउसवाइस हवा. घर किती ऊर्जा खातं त्याचा दाखला. यांचा काढला मागच्या तीन वर्षांत जळलेल्या गॅसवरून. ऐंशीच्या दशकातल्या, ओळीतल्या त्या मधल्या घराला थेट ए दर्जा! श्यामकांत तो दाखला नातवाच्या मार्कशीटसारखा मिरवत सुटले.

जानेवारीत एश्बॉर्नहून हरीश आणि ऊर्मिला हे तरुण जोडपं घर पाहायला आलं. हरीश दाखल्यावरच भाळला. ऊर्मिलाने कोट काढला नाही. चहाची वाफ केव्हाच थांबली, तिच्या तोंडाची चालूच होती.

“काका, ए दर्जाच्या घरात एवढा गारठा?”

श्यामकांत इन्सुलेशनवर व्याख्यान देऊ लागले. मनोरमाबाई पेचात पडल्या. खरं बोललं तर कार्ल्सरूहे हातचं जाणार. आणि न बोलावं, तर ही पोर इथे काकडत बसणार.

“अहो, तुम्ही सांगता की मी सांगू?”

“अगं, पाहुण्यांसमोर...”

“दाखला घराचा नाहीये गं, यांच्या चिकटपणाचा आहे. तीन हिवाळे हीटिंग बंद आहे. ये, तू इथे बस. पलीकडे हार्टमान आजी असतात.”

त्यांनी तिला भिंतीलगतच्या दिवाणावर बसवलं. ऊर्मिला टेकली, आणि हळूहळू कोटाची बटणं सोडू लागली.

“शेजारच्या आजींची तब्येत कशी असते, काकू?”

“ठणठणीत. पण थंडी अजिबात सोसत नाही त्यांना.”

“मग घेऊ आम्ही. फक्त तुमचं हीटिंग चालतं का, तेवढं दाखवा.”

श्यामकांतांनी जड हाताने ते सुरू केलं. चाललं. वसंतात मनोरमाबाई श्यामकांतांना घेऊन कार्ल्सरूहेला गेल्या.

श्यामकांत भिंतीला कान लावत नव्हते. पाठ टेकत होते. पलीकडे हार्टमानबाईंचं हीटिंग पूर्ण चालू असे, आणि भिंत गरम लागे.