हूंमास्तर

आमच्या गल्लीतल्या टेलरना सगळे 'हूंमास्तर' म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय, कारण माझं इस्त्रीचं दुकान त्यांना लागूनच आहे आणि सगळ्यांत जास्त ताप मलाच. मास्तरांच्या तोंडात सदा टाचण्या. गिऱ्हाईक विचारणार, "मास्तर, शनिवारी मिळेल ना?" टाचण्या सांभाळत मास्तर म्हणणार, "हूं." गिऱ्हाईक खूश. त्याच शनिवारचा शब्द आणखी किती जणांना दिलाय, हे मास्तरांच्या गावीही नसायचं. मग शनिवार उजाडला की दारात आरडाओरडा.

खरं भोगलं ते घरच्यांनी. बायकोचा ब्लाउज, मुलीचा ड्रेस, सगळं कायम मागे पडायचं. टेलरची पोर प्रत्येक समारंभाला मावसबहिणीचे कपडे घालून जायची.

ही पोर वकील झाली. सोमवारी कोर्टातला पहिला दिवस. दुकानात येऊन सरळ म्हणाली, "बाबा, कोट मी रेडीमेडच आणते."

मास्तरांनी घाईघाईने टाचण्या थुंकल्या. "टेलरच्या मुलीला रेडीमेड? अगं, तुझं माप मला पाठ आहे!"

आणि त्या पाठ मापावर कोट कापलासुद्धा. कच्चे टाके घातलेला कोट तिने चढवला, तर तो खांद्यातच अडकला. बाह्या मनगटाच्या कितीतरी वर. मास्तरांना पाठ होतं ते शाळेच्या युनिफॉर्मचं माप. त्यानंतर त्यांनी तिच्यासाठी काही शिवलंच नव्हतं. पोर रागावली नाही, हसली. "राहू दे बाबा, तुम्हाला खूप काम असतं." मलाच वाईट वाटलं, तर त्यांना किती लागलं असेल.

मास्तरांनी टेप उचलली आणि तिचं नव्याने माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने टाचण्या टोचायची छोटी उशी शिवून त्यांच्या मनगटाला बांधली. "आता तोंड मोकळं आहे. बोला काय ते!"

पण 'नाही' म्हणायची सवय कुठे होती? मीच गिऱ्हाईक होऊन सराव घेतला. "मास्तर, उद्या द्याल?"

"नाही... म्हणजे, बघतो."

"बघतो नाही! परत!"

मग चौकातले डॉक्टर आले. पँटचं कापड, तेही शनिवारसाठीच. मास्तरांचा हात सवयीने टाचण्यांकडे गेला, पार ओठांपर्यंत आला. मी इस्त्री हातात धरून श्वास रोखला.

"नाही जमणार, डॉक्टर," मास्तर एकदाचे म्हणाले. "आधी मुलीचा कोट."

"बरं, मग पुढच्या आठवड्यात," म्हणत डॉक्टर निघूनही गेले.

मास्तर डोळे मोठे करून माझ्याकडे वळले. "अहो, एवढंच असतं?"

एवढंच! आणि एवढ्यासाठी मी इतकी वर्षं शनिवारचा आरडाओरडा ऐकला. मी रागावणार होतो, पण मास्तरांनी चक्क टाळी मागितली. दिली.

सोमवारी सकाळी कोटावर इस्त्री मी फिरवली, फुकट. खांदा असा बसला होता की बघत राहावं. पोर निघाली, पण बसस्टॉपकडे नाही. आधी भाजीवालीकडे, मग किराणावाल्याकडे, मग पार टोकाच्या सायकलवाल्यापर्यंत. प्रत्येक दुकानासमोर उभी राहून, कोणी विचारायच्या आधीच सांगत होती, "बाबांनी शिवलाय!" मास्तर दारात उभे राहून डोळे पुसत होते आणि हसत होते.

मला काळजी बसची. पण तिची आई म्हणाली, एवढ्यासाठीच ती आज लवकर निघाली होती.