दामूचं झाड आणि गंगाबाईचा राब

पोशीरच्या दामू गायकवाडला झाडांचं वेड होतं, असं त्याच्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य दामूलाच वाटलं. त्याला झाडांचं वेड कधीच नव्हतं. त्याला नोकरी हवी होती, ती माळ्याची मिळाली. शिपायाची मिळाली असती, तर साहेबांनी त्याला फायलींचं वेड चिकटवलं असतं.

कुंभिवलीच्या हायवेलगत एका कारखान्यात त्याने जन्म घालवला. आठवडाभर तिथल्या खोलीत राहायचं, सुट्टीला घरी यायचं. काम एवढंच, की हिरवळ कापायची आणि वाढली की पुन्हा कापायची. "न्हाव्याचा धंदा," तो म्हणायचा, "फक्त गिऱ्हाईक बडबडत नाय." दर जूनमध्ये कुणीतरी मोठा साहेब वृक्षारोपणाला यायचा. खड्डा ठरलेला होता. त्याच्या तळाशी जुना सिमेंटचा ओटा होता, त्यामुळे तिथे काही जगत नसे आणि पुढच्या साहेबासाठी खड्डा रिकामा मिळे. दामूने याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. तयार खड्डा कोण सोडतो?

शेवटच्या वर्षी नव्या मॅनेजरने नाताळच्या पार्टीसाठी नर्सरीतून एक झाड मागवलं. पिंपात लावलेलं, शिडशिडीत, पिसासारख्या मऊ पानांचं. डिसेंबर लागला आणि झाड विटेच्या रंगावर गेलं. "हिरवं कर," मॅनेजर म्हणाला. कसं, ते त्याने सांगितलं नाही. दामूने गेटला मारून उरलेला हिरवा रंग घेतला आणि झाडाला मारला. पार्टीत मंडळींनी झाडाला खेटून फोटो काढले, दोघांचे शर्ट खराब झाले. नवं वर्ष लागलं आणि पानं गळाली, रंगासकट, हिरवीच्या हिरवी. मॅनेजरने फोनवर नर्सरीवाल्याचा उद्धार केला आणि दामूला म्हणाला, "मेलंय. फेकून दे."

त्याच महिन्यात दामू निवृत्त झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. गावच्या विठूने त्याचं बोचकं न्यायला टेंपो आणला होता, त्यात दामूने ते झाडही चढवलं. पुढे लोक म्हणू लागले की दामूच्याने त्या मुक्या जिवाला फेकवेना. खरं म्हणजे त्याला पिंप हवं होतं.

पिंप गंगाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, दारातच ताब्यात घेतलं आणि आतलं झाड बाहेर ओतलं. आता ते कुठेतरी खुपसणं आलं. भाताच्या खाचराच्या कोपऱ्यात पाणथळ जागा होती, पावसाळा सरून महिने झाले तरी पाय रुतायचा. तिथे माती मऊ होती, खणायला कष्ट नव्हते. शिवाय यापुढे आपण कशालाही पाणी घालणार नाही, अशी शपथ दामूने टेंपोत बसतानाच घेतली होती. पाणी जिथे आपण होऊन येतं तिथे झाड लावलं, म्हणजे शपथ मोडत नाही.

फाल्गुनात एका सकाळी तो बांधावर बिडी ओढत बसला होता, तेव्हा त्या काटकीला हिरवं धुकं लागलेलं दिसलं. त्याने डोळे चोळले. मग इकडेतिकडे बघितलं. कुणी रंग तर मारला नाही?

मुलगी स्नेहल खालापूरला असते, तिथल्या एका दवाखान्यात कामाला आहे. तिने मोबाइलवर फोटो टाकून शोधून काढलं. "बाबा, हे देवदाराच्या नात्यातलं हाय. पन ती सगळी बारा महिने हिरवी, हे थंडीत पानं टाकतं. आन दलदलीतच जोमात वाढतं म्हणं."

आपल्या आळसाला शास्त्राचा आधार निघाला, याचं दामूला फार समाधान वाटलं.

झाड वाढलं. पावसाळ्यात बुंध्याभोवती घोटाभर पाणी साचायचं, एखादा खेकडा मुळाशी बीळ करायचा, आणि झाड आपलं पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसासारखं मजेत असायचं. दामूने शेळ्यांपासून राखायला काट्यांचं कुंपण घातलं. वैशाखात कोपरा भेगाळला की शपथ बाजूला ठेवून, कुणी बघत नाही अशी खात्री करून, तो कळशी ओतून यायचा. मार्गशीर्षात झाड तांबूस व्हायचं, मग पानं डहाळीसकट झडायची, आणि गाव दरवर्षी नव्या उत्साहाने विचारायचं, "दामूतात्या, झाड गेलं का रं तुझं?"

"गेलंय. दहाव्याला ये," दामू म्हणायचा.

मधे एकदा कारखान्यातला जुना वॉचमन भेटला. त्याच्याकडून कळलं की बाग काढली, सगळी. हिरवळ, मेंदीची कुंपणं, कँटीनमागची चिकूची दोन झाडं. तिथे आता ट्रक उभे राहतात. "तो खड्डापन गेला का?" दामूने विचारलं. तोही गेला होता. दामू हसला, आणि संध्याकाळी उगाचच पाणथळ कोपऱ्याकडे चक्कर मारून आला. त्याच्या हाताखालून गेलेल्या झाडांपैकी जमिनीवर उभं असलेलं आता हेच एक उरलं होतं. हे तो कुणापाशी बोलला नाही. बोलला असता, तर त्याला झाडांचं वेड आहे हे सिद्ध झालं असतं.

यंदा मात्र गंगाबाईची नजर झाडावर गेली.

भाताची रोपं करायची जागा आधी भाजून घ्यावी लागते. शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळ, पालापाचोळा, वर माती असे थर लावायचे आणि उन्हाळ्यात पेटवायचे. हा राब. त्याने तण मरतं, रोप तरारतं. गंगाबाईचे राब साऱ्या आळीत नावाजलेले. कवळ आणायची ती टेकडीवरच्या ऐनाच्या झाडांची. पण टेकडीचे प्लॉट पडले होते, त्यांना तारेचं कुंपण आलं होतं, आणि आत कुणाचातरी कुत्रा मोठ्या पगारावर असल्यासारखा भुंकत होता.

"त्ये तुमचं मेलेलं उभं हाय ना," ती म्हणाली, "त्येच तोडते."

"मेलेलं नाय गं. झोपलंय."

"झोपलेले लय बघितलेत मी. एक तर घरातच हाय."

"मग मलापन तोड."

"तुमची कवळ किती निघंल?"

दामू बिडी शोधायला लागला. आणि तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. राब नाही तर रोप नाही. विठूसारखे लोक राब सोडून खताच्या गोणीवर आले होते, त्यांचं रोप गंगाबाई लांबून बघायची आणि नाक मुरडायची.

तशात स्नेहलने गॅलरीत कुंड्या लावायला बापाला बोलावलं. दामूने निघताना बजावलं, "झाडाला हात लावशील, तर मी ह्या घरात जेवनार नाय."

"बरं झालं. डबा भरलेला राहील तांदळाचा."

खालापूरला त्याचं लक्ष लागलं नाही. कुंडीत गुलाब उलटा लावतो की काय, असं स्नेहलला वाटलं. "आईला फोन लावू का?" तिने विचारलं. "नको," तो म्हणाला, "विचारलं तर तिला आठवंल."

परतताना त्याला रस्त्यावरूनच दिसलं. किंवा दिसलं नाही. जिथे फांद्यांची जाळी दिसायची तिथे आभाळ होतं. जवळ गेला तर झाडाचा खांब उभा. इथल्या बांधावरचे सगळे ऐन असेच दिसतात, अंगावरची फांदी न् फांदी उतरवलेले आणि वर शेंड्याला एक तुरा. गंगाबाईने आपल्या परीने माया दाखवली होती. बुडातून तोडलं नव्हतं, ऐनाला द्यावा तो मान दिला होता. फांद्या शेणावर अंथरल्या होत्या. झडून पडलेली तांबडी पानंही तिने झाडून नेली होती, एक काडी ठेवली नव्हती.

"शिडी कुणी धरली?" दामूने विचारलं.

"विठूनं."

विठू टेंपोखाली काहीतरी दुरुस्त करत होता, तो बाहेर आला नाही.

दामूने एका कापावर अंगठा ठेवला. चिकट लागलं, आणि अंगठ्याला एक ओळखीचा नसलेला, थंड वास आला. कारखान्यात त्याने कधी झाडाला असा हात लावून बघितला नव्हता. वेळच नसायचा, पुढचं कापायचं असायचं.

त्या दिवसापासून त्याने अबोला धरला. जेवण मात्र सोडलं नाही. जे सांगायचं ते तो शेळीला सांगायचा. "आज आमटीत मीठ कमी हाय," तो शेळीला म्हणायचा. "शेळीला सांगा, मिठाची बरनी फळीवर हाय," गंगाबाई म्हणायची. सकाळी उठून तो कोपऱ्यात जायचा, खोडाची साल नखाने जराशी खरवडायचा. आत ओलं हिरवं दिसायचं. मग हलकेच बोटाने ती जागा झाकून ठेवायचा, जसं काही कुणाचं उघडं पडलेलं अंग होतं. पण हिरवं म्हणजे जिवंतच असं त्याला म्हणवेना. त्या झाडाच्या बाबतीत हिरव्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

फाल्गुन अर्ध्यावर आला. ऐनांना अजून काही नव्हतं. आणि एका सकाळी खांबाच्या सालीतून, बुडापासून शेंड्यापर्यंत, बारीक पोपटी पिसं बाहेर आली. फांदी नाही, काही नाही, थेट लाकडातून. झाड दिसत होतं ते बाटली घासायच्या ब्रशासारखं. इतकं कुरूप झाड दामूने जन्मात बघितलं नव्हतं.

तो धावत निघाला. अंगणात पोचला आणि थबकला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? झाड जगलं, म्हणजे त्याला तोडलेलं चालतं. म्हणजे गंगाबाई बरोबर. म्हणजे पुढच्या साली पुन्हा, त्याच्या पुढच्या साली पुन्हा. मेलं असतं तर तो जन्मभर बरोबर ठरला असता. तो उंबऱ्याशी पाय पुसत राहिला.

गंगाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "फुटलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"आट दिवस झालं. बुडाला फुटलं व्हतं, तुमी डोळ्यापुढचंच खरवडत बसलाव. म्हनलं, आदी बोलतं कोन, बघू."

दामू पाटावर बसला. शेळीकडे बघून काही उपयोग नव्हता.

"पुडच्या साली शिडीवर मी चडनार," तो म्हणाला. "तू लय खोल कापतेस. साल सोलवटते."

"चडा. पडलात तर राबात घालीन."

रोपं त्या पावसात झकास झाली. त्यात झाडाचा वाटा किती आणि शेणाचा किती, यावर दोघांचं भांडण दिवाळीपर्यंत पुरलं.

थंडीत झाडाने पानं टाकली. दामू कमरेला कोयता लावून शिडी चढला. खाली गंगाबाई टोपली घेऊन उभी, विठूने शिडी धरलेली. वर गेल्यावर पहिल्या फांदीशी दामू थांबला आणि खोकला. मग तोडली. दुसरीला पुन्हा खोकला, मग तोडली. न्हाणीत कुणी असेल म्हणून बाहेरून माणूस खोकतो, तसा.

"खोकताय काय," गंगाबाई खालून ओरडली, "तोडा की! ऊन चढलं."

"तोडतोय गं," दामू म्हणाला, आणि पुढच्या फांदीकडे वळून पुन्हा खोकला.