गवत भरलेलं रेडकू

तुम्ही विचारलंत, आजी देवाला हात जोडत नाही, मग मानते तरी काय? फोनवर ते सांगता येत नाही. मध्येच आवाज जातो आणि तुम्हालाही कामावर निघायचं असतं. म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

तुमचे आजोबा कराडला पदार्थविज्ञान शिकवायचे. बहात्तरच्या दुष्काळातल्या हिवाळ्यात ते अचानक गेले. तुमच्या बाबांची शाळा बुडू नये म्हणून त्यांना मी सांगलीला माझ्या भावाकडे ठेवलं आणि वडूजकडच्या आमच्या गावी सासूबाईंपाशी राहायला गेले. घरात आम्ही दोघी आणि गोठ्यात एक म्हैस.

आजोबा आणि मी, दोघंही देव मानत नव्हतो. सुट्टीत गावी आलो की तिन्हीसांजेला घराच्या धाब्यावर चटई टाकून बसायचो. ते म्हणायचे, आपल्या हाडांतला चुना आणि रक्तातलं लोखंड ताऱ्यांच्या पोटात शिजलंय. थोडा काळ ते आपल्यात एकत्र येतं, त्याला ऊन-थंडी कळते, माणसं ओळखू येतात, मग सुटं होऊन जातं. हे कुणी मुद्दाम घडवलं नाही आणि कुणी पाहतही नाही. दोघं असताना मला त्यात मोठी मौज वाटायची. ते गेल्यावर आकाश तसंच राहिलं, पण वर बघून बोलावं असं कुणी उरलं नाही.

गावच्या बायका भेटायला येत. ते वर सुखात आहेत, म्हणत. मी मान हलवायचे. सासूबाईंनी मात्र तसं कधी म्हटलं नाही. त्या दर महिन्याला पेटीतून लेकाचे सदरे काढत, उन्हात घालत आणि कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवत. कुणा गरजूला देऊ का, असं मी एकदा विचारलं होतं. त्याचं हाईत, एवढंच त्या म्हणाल्या. मी देव-स्वर्ग मानत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एक दिवस त्या मला लेकाबद्दल विचारणार आणि मला खोटं बोलावं लागणार, नाही तर त्यांचा उरलासुरला आधार काढून घ्यावा लागणार, ही धास्ती मी रोज बाळगून होते.

पुढच्या उन्हाळ्यात म्हशीचं रेडकू मेलं. रेडकू समोर नसेल तर म्हैस पान्हा सोडत नाही, आणि दुधाशिवाय आम्हाला दुसरी आवक नव्हती. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे रेडकाचं कातडं सोलून, मीठ लावून वाळवलं, आत वाळकं गवत भरून शिवलं आणि म्हशीपुढं उभं केलं. सासूबाई त्यावर मिठाचं पाणी शिंपडत. म्हैस चाटायची, डोळे मिटायची आणि दूध द्यायची. तिला ते खरं वाटतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, जनावराला नाक असतंय, समदं कळतंय.

पुढं कडबा संपत आला. एका सकाळी मी गोठ्यात गेले तर चाटून चाटून शिवण उसवली होती आणि म्हैस रेडकाच्या पोटातलं गवत ओढून खात होती. शांतपणे, रोजच्यासारखी. कातडं रिकामं होऊन एका कुशीवर पडलं होतं. सासूबाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.  मग गव्हाणीच्या कडेला बसल्या.

"सूनबाई, तू शिकल्याली हायस. खरं सांग. माझा ल्योक कुटं असंल?"

म्हशीनं खाल्लेल्या गवताचंच रेडकू झालं होतं. उरलेल्या गवताचं आता दूध होणार होतं आणि ते आम्ही पिणार होतो. त्यात दुष्टपणा नव्हता, दयाही नव्हती. दुखत होतं ते फक्त आम्हा दोघींना. एवढ्या अफाट पसाऱ्यात दुखणं ही वस्तू त्या क्षणी त्या गोठ्यातच होती, आणि तिची काळजी घ्यायला आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी मानते ते एवढंच. पण हे त्यांना कसं सांगायचं?

मी त्यांच्याजवळ बसले.

"कुठं नाहीत, आत्याबाई. होते ते आपल्यापाशीच होते."

त्या रडल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या, ताप आलेल्या पोराकडं बघावं तशा.

"आसलं मन घिऊन येकली कशी ऱ्हातीस गं?"

 त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, घरात गेल्या आणि परतल्या तेव्हा एका हातात दाभण-सुतळी होती, दुसऱ्या हातावर पेटीतले सदरे.

"ह्ये खानार न्हाई ती," त्या म्हणाल्या.

त्यांनी कातडं उचलून धरलं. एकेक सदरा घडी मोडून मी आत भरत गेले. पट्ट्यांचा एक होता, कॉलरला खडूचा डाग असलेला. तो भरताना माझा हात थांबला. मी तो भरेपर्यंत त्या कातडं धरून राहिल्या. मग मी शिवण घातली आणि त्यांनी मिठाचं पाणी शिंपडलं.

म्हशीनं हुंगलं, मान मागं घेतली, पुन्हा हुंगलं. मग चाटायला लागली. सासूबाई चरवी घेऊन धार काढायला बसल्या.