निम्मं आटवलेलं पाणी

सूनबाई नातवाच्या दुधासाठी पाणी उकळायला ठेवते, पातेल्यावरचं झाकण खडखडतं आणि मला एरंडोलजवळच्या खेड्यातली अक्का आठवते. मी तेव्हा विहिरींचं पाणी तपासत फिरायचो. तिच्या पातेल्यातल्या पाण्यात औषध टाकलं, तर ते गडद गुलाबी झालं. युरियातून झिरपलेलं नायट्रेट, विहिरीतल्यापेक्षा दुप्पट!

"बठ्ठं पानी निम्मं व्हस तोवर उकाळस, साहेब," अक्का अभिमानाने म्हणाली. मांडीवर वरच्या दुधावरचा तान्हा नातू होता. त्याचे ओठ निळसर पडले होते; नायट्रेटमुळे तान्ह्यांच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही.

नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटेल तसं ते वाढतं. महिन्यापूर्वी, जुलाबाच्या भीतीने, पाणी उकळून पाजायला तिला मीच सांगितलं होतं.