अक्कांच्या दाढेचा फोटो

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर गिचमिड येतं, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. बोलायला मला जमत नाही म्हणून लिहिते. सांगलीहून आमच्या यांचा फोन आला, "वहिनी गेली," एवढंच बोलले. मग घर माणसांनी भरलं. प्रत्येक बाई अक्कांची काहीतरी आठवण सांगून रडत होती, आणि जिच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं ती मी चुलीपाशी गप्प बसून होते.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर म्हसवडकडचं, बोलणं खणखणीत. पलूसजवळच्या आमच्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा वर मान करून बघत नव्हते. सकाळी मागच्या दारी आम्ही दोघी मिशरी लावायला बसायचो, तो वेळ तेवढा आमचा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत अक्काच भाजायच्या, चुरून डबीत भरायच्या. त्या बोलायच्या, मी ऐकायचे. दाढ ठणकली की तिथं मिशरी धरायची, ही आमच्याकडच्या बायकांची रीत. जागा बधिर होते, बरं वाटतं. अक्कांची दाढ ठणकतच राहिली आणि त्या मिशरी वाढवतच गेल्या... भाकरीचा घास जाण्याइतकंही तोंड उघडेना तेव्हा कुठं आम्ही सांगलीच्या दवाखान्यात गेलो. कॅन्सर होता.

तिथल्या डॉक्टरबाई एका अभ्यासात होत्या. मोबाईलला बारीक दिवा आणि भिंग लावून तोंडाच्या आतले फोटो काढायचे. गावोगावच्या आशाताईंनी असे फोटो पाठवले, तर दवाखान्यात बसून आजार वेळेत ओळखता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी अक्कांना विचारलं, वर सांगितलं, "नाही म्हणालात तरी तुमचे उपचार तेच होतील."

"हेचा मला काय उपेग?" अक्कांनी विचारलं.

"तुम्हाला नाही, मावशी. पुढे येणाऱ्या बायकांना होईल."

अक्का म्हणाल्या, "काढा की. लग्नातला माजा एकच फोटू, त्यात बी डोळं मिटल्यालं. दाढंचा तरी चांगला येऊ दे."

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, काही त्रास नसलेल्यांचेही फोटो लागतात. अक्कांनी मला पुढं ढकललं. "हिचं बघा. ही बी माज्यासंगंच मिशरी लावतीया."

मी पदर तोंडावर ओढला. आमच्या घरात बाईनं हसायचं तेही पदराआड. परक्यापुढं आ वासून बसायचं म्हणजे... "आवं अक्का, मला काय बी झालं न्हाई."

"झालं न्हाई तवर बघायचं असतंय. माजं झाल्यावर बघितलं. मंगल, तोंड उघड. न्हाईतर मी बी फोटू देत न्हाई, चल घरला."

मी डोळे मिटून तोंड उघडलं. डॉक्टरबाई बराच वेळ बघत राहिल्या. डाव्या गालाच्या आत पांढरा डाग होता. मला तो कधी दुखलाच नव्हता. तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता, पण ठेवला असता तर होण्याची भीती होती. तो डाग काढून टाकला. अक्कांचा आजार मात्र जबड्याच्या हाडात उतरला होता. एकाच डबीतली मिशरी लावणाऱ्या आम्ही दोघी... माझा रिपोर्ट चांगला आला हे त्यांना कसं सांगावं, कळेना. त्यांनीच माझ्याकडं बघून विचारलं, "सुटलीस?" मी मान हलवली. "मग रडतीयास कशाला? पेढं आण जा. मला चावत न्हाई, पर वास तरी घेती."

त्यांचा अर्धा जबडा काढला, किरणं दिली. पुढं गळ्यात गाठ आली. तरी "मलाच का" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्यांच्याआधीही कितीतरी बायकांनी तिथं आपली तोंडं उघडली असतील, म्हणून डॉक्टरबाईंना माझा डाग ओळखता आला. त्या बायकांची नावं मला ठाऊक नाहीत. अक्कांचं ठाऊक आहे.

मिशरी सोडली तेव्हा माझं डोकं भणभणायचं, मी सगळ्यांवर करवादायचे. अक्कांनी ते सोसलं. दर बाजारच्या दिवशी मला उजेडात बसवून बॅटरीनं माझं तोंड बघायच्या. त्या गेल्यावर मी आरशात बघून पाहिलं, पण गालाची मागची बाजू दिसेना. शेवटी परवा खोलीचं दार लोटलं आणि सुनेला बोलावलं. सासूनं सुनेपुढं तोंड उघडायचं, माझे कान तापले. तिनं मात्र नीट बघितलं. "आत्या, पांढरं काय बी न्हाई. आन् येवढं मोठं तोंड हाय तुमचं, बोलत कसं न्हाई वं?"

मला हसू आलं, पदर न घेता हसले. मग तिच्या हातातली बॅटरी मी घेतली. तीही गुपचूप मिशरी लावते, तव्याच्या वासावरून कळतं मला.

"आता तू उघड."

"मला काय झालंय?" ती दाराकडं सरकली.

"बस हितं." माझा आवाज एवढा चढलेला मीसुद्धा कधी ऐकला नव्हता.

ती दारातच थांबली. चोरी पकडल्यागत भिंतीकडं बघून जरा हसली... मग खिडकीपाशी येऊन बसली आणि तिनं तोंड उघडलं. मी बॅटरी लावली.