लुपेताईंच्या गोळ्या

नेइआफू बंदरात सुनिया होड्या दुरुस्त करायचा. हात कसबी, पण बहिणीपुढे बोलायची हिंमत नाही. आम्हा टोंगाच्या लोकांत थोरल्या बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही, आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, लुपेताईंनी, या मानाचा पुरेपूर फायदा घेतला. मी सुनियाची मेहुणी; हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

रविवारी जेवताना सुनियाचा उजवा हात गळाला, तोंड वाकडं झालं. माझी बहीण मेलेआने, म्हणजे त्याची बायको, गाडी बोलवायला निघाली, तर लुपेताईंनी तिला खाली बसवलं आणि संध्याकाळपर्यंत सुनियाच्या हाताला खोबरेल चोळलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा मेंदूतली गुठळी औषधाने विरघळवायची वेळ टळून गेली होती.

डॉक्टर मोआलाबाईंनी नीट समजावलं. "मेंदूची एक नस तुंबलीय. दाब चढा आहे म्हणून आजूबाजूने थोडं रक्त पोचतंय. आज तो उतरवायचा नाही. फारच वर गेला तर मी बघेन. नंतर हळूहळू आणू खाली."

सगळ्यांनी मान हलवली. लुपेताईंनीही हलवली. पुढे तीस वर्षांचा अनुभव असल्यासारख्या त्या यंत्रावरच्या दाबाच्या आकड्याकडे बघत बसल्या. सकाळी सुनियाची बोटं जराशी हलली. मेलेआने हात धुवायला गेली, तेवढ्यात ताईंनी पिशवीतून स्वतःच्या प्रेशरच्या गोळ्या काढल्या, नारळपाण्यात चुरून पेला त्याच्या तोंडाला लावला. त्याला धड गिळताही येत नव्हतं. तरी बहिणीचा हात म्हणून प्यायला.

दुपारपर्यंत दाब धाडकन उतरला. बोटं थांबली, बोलणं बंद झालं. डॉक्टरांनी पलंग सपाट केला, सलाईन लावलं, आणि काय दिलं ते विचारलं.

"माझं तर यानेच उतरतं," ताई म्हणाल्या. चेहऱ्यावर ओशाळलेपणा नावालाही नाही.

हात पुन्हा हलला नाही. शब्द चार-दोन परतले. गोळ्या आता डॉक्टर ठरवतात आणि मेलेआने देते. चर्चमध्ये मात्र ताई सांगत सुटल्या, की भाऊ वाचला तो माझ्यामुळे. आणि बायका माना डोलावत होत्या, हे त्याहून किळसवाणं.

महिन्याभराने त्या सुनियाच्या घरी गोळ्यांची नवी पुडी घेऊन आल्या. मेलेआने माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली, म्हणजे मीही काही शूर नव्हे. सुनियाने डाव्या हाताने पुडी परत सरकवली.

"नाही, ताई," तो म्हणाला. जिभेला फार कष्ट पडले, पण शब्द स्वच्छ होते.

लुपेताई रडत घरी गेल्या. कोणी त्यांना पोचवायला उठलं नाही.